शेऱ्याखाली गुपचूप सही करणं म्हणजे सब्र नव्हे

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या आमच्या उर्दू शाळांत शैक्षणिक वर्ष संपलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जाने दो टीचर, सब्र करो." कुणाच्या तरी गोपनीय अहवालात वाकडा शेरा पडलेला असतो आणि वयाने मोठे सहकारी समजूत घालत असतात. त्यांची नियत चांगली असते, पण सल्ला चुकीचा असतो. आपल्या समाजात सब्र हा शब्द इतका स्वस्त झालाय की जिथे अर्ज करायचा तिथेही आपण तोच वापरतो.

या पेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामाला प्रत दिली जाते. 'अत्युत्कृष्ट', 'उत्कृष्ट', मग 'निश्चित चांगला', मग नुसता 'चांगला'. बाहेरच्या माणसाला 'चांगला' ऐकून बरं वाटेल. पण बढतीसाठी वरची प्रत लागत असेल तर हाच 'चांगला' माणसाला खाली बसवतो. देव दत्त नावाच्या अभियंत्याचं हेच झालं. सीमा रस्ते विभागातल्या या अधिकाऱ्याला बढतीसाठी पाच वर्षं 'फार चांगला' हवं होतं. १९९३-९४ या एका वर्षी नुसतं 'चांगला' पडलं, ते त्याला कुणी कळवलं नाही आणि बढती हुकली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल मे २००८मध्ये लागला, तोवर तो निवृत्तही झाला होता. न्यायालयाने सांगितलं की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, त्याविरुद्ध निवेदन देण्याची संधी दिली पाहिजे आणि त्या निवेदनाचा निर्णय शेरा लिहिणाऱ्याहून वरच्या अधिकाऱ्याने केला पाहिजे. २०१३मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

हे निकाल सरकारी नोकरांचे, आमचं काय, असं खाजगी अनुदानित शाळांतले शिक्षक विचारतात. आपल्यासाठी तर १९८१ची सेवाशर्ती नियमावली आहे. तिच्या पंधराव्या नियमात गोपनीय अहवालाचं सगळं आहे. प्रतिकूल शेरा ठरलेल्या मुदतीत कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. इतकी ताकद असलेला नियम किती स्टाफरूममध्ये वाचला जातो? नियमावलीचं पुस्तक ऑफिसच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली शेरा लिहिणाऱ्याकडे.

माझ्या अहवालात तीन गोष्टी लिहिल्या गेल्या होत्या: मराठीचा निकाल असमाधानकारक, पालकसंपर्क कमी, स्वभाव एकलकोंडा. शाळेचं नाव सांगत नाही, मी तिथेच शिकवते.

मराठीच्या निकालाचंच घ्या. आमच्या वर्गातलं मूल घरी दखनी बोलतं. ते उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेलं असतं, मराठीत हात उलटा फिरवावा लागतो. 'ळ' त्याला पहिल्यांदा शाळेत भेटतो. त्याच्या भाषेत किताब स्त्रीलिंगी आणि कलम पुल्लिंगी, नपुंसकलिंग नाहीच. त्यामुळे 'ते पुस्तक' म्हणायला शिकणं म्हणजे त्याच्यासाठी जगात तिसराच एक दरवाजा उघडणं असतं. बाप गॅरेजमध्ये नाही तर फळांच्या गाडीवर, घरी मराठी वर्तमानपत्र येत नाही. या मुलाचा निकाल मराठी घरातल्या मुलाशेजारी ठेवून माझी किंमत काढायची असेल तर मोजपट्टीच खोटी आहे. शासनानेही हाच खेळ केला होता. २३ ऑक्टोबर २०१७च्या शासन निर्णयात वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी नववी-दहावीच्या वर्गांचा निकाल ८० टक्क्यांवर असण्याची अट घातली. शिक्षक संघटनांनी लेखी विरोध केला, मोर्चे काढले आणि पुढे ती अट मागे घ्यावी लागली. सगळे सब्र करून बसले असते तर?

मी चार पानी निवेदन दिलं. त्यात रडगाणं नव्हतं. त्याच मुलांचे पाचवीतले आणि आठवीतले मराठीचे गुण शेजारी शेजारी मांडले. पालकभेटींची वही जोडली, बीएलओच्या कामाचा आदेश जोडला. मतदारयादी घेऊन ज्या मोहल्ल्यांत मी दारोदार फिरले, त्याच मोहल्ल्यांतले पालक मला भेटत नाहीत असं म्हणायचं होतं म्हणे! 'एकलकोंडा'बद्दल फक्त विचारलं: कोणत्या तारखेला, कोणत्या प्रसंगी, कुणाच्या तक्रारीवरून? आवक-जावक वहीत नोंद करून घेतली आणि पोच घेतली.

तेव्हा दोन प्रकारची माणसं भेटली. एक म्हणाले, "आपण मायनॉरिटीवाले, आपल्याच संस्थेविरुद्ध लिहायचं का?" दुसरे म्हणाले, "कशाला कागद, वरून एक फोन करून टाकू." आमच्या तालुक्यांत हा दुसरा रोग जुना आहे. फोनने शेरा पुसला जातो, मान्य. पण पुढच्या वर्षी फोन करणाऱ्याच्या घरचं लग्न असतं, सभा असते, आणि तिथे गर्दी करायला तुम्हाला बोलावलं जातं. शिवाय ज्या बाईच्या ओळखीत फोनवाला नाही, तिचा शेरा तसाच राहतो. पहिल्यांना एवढंच सांगते की संस्था आपली आहे म्हणूनच लिहायचं. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असा हुकूम देणारी सूरह बकराची २८२वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. उधारीचा हिशेब लिहायचा आणि आयुष्यभराच्या नोकरीचा तोंडी ठेवायचा, हा कुठला न्याय?

बढती डावलली गेली तर शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, पण त्याला ३० दिवसांचीच मुदत असते. तेव्हा कागद शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून माझं तरुण शिक्षिकांना सांगणं असतं की शेरा हातात पडला की आधी त्यावर मिळाल्याची तारीख लिहा. सही करायला लावली तर 'वाचले, मान्य नाही, निवेदन देत आहे' असं लिहून मग सही करा. वर्गात काय केलं त्याची वही जूनपासून ठेवा, मार्चमध्ये आठवून लिहिलेली वही कुणालाही ओळखू येते.

माझ्या निवेदनानंतर निकालाचा शेरा काढला गेला, पालकसंपर्काचा बदलून 'समाधानकारक' झाला. 'एकलकोंडा' अजून आहे. त्याबद्दलचं दुसरं निवेदन मी वरच्या कार्यालयात दिलंय, त्याची पोच फाइलमध्ये आहे.