पहिल्या घोटाआधी

अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण वॉर्डात दाखल होतो. नातेवाईक काळजीने विचारतात, ‘डॉक्टर, सकाळपासून पोटात काही नाही, थोडा चहा पाजू का?’ उत्तराची वाट न पाहता कोणीतरी आडव्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडते. मायेपोटी पाजलेला हा घोट दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होऊन समोर येतो. सरकारी रुग्णालयातील नोकरीत हे मी अनेकदा पाहिले आहे.

गिळणे आपल्याला सोपे वाटते. प्रत्यक्षात घास घशात पोचताच श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड झाकते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. हे सारे जेमतेम एका सेकंदात होते. मेंदूला इजा झाली की हा मेळ बिघडतो. झटक्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळताना त्रास होतो. पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशातही तो दिसतो. ठसका हा आपला पहारेकरी. पण काहींच्या घशाची संवेदनाच कमी झालेली असते. अन्न श्वासनलिकेत उतरते आणि ठसकाही लागत नाही. जेवताना आवाज ओलसर, घरघरता होणे, घास गालात साठणे, वारंवार ताप येणे या खुणा म्हणूनच महत्त्वाच्या.

दिलासा हा, की झटक्यानंतरचा हा त्रास अनेकांत काही आठवड्यांत बराच कमी होतो. तोवर फुप्फुसे सांभाळायची. रुग्ण पूर्ण जागा असेल तेव्हाच, ताठ बसवून भरवा. घास लहान, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नको. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. अशा रुग्णांना पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थच अधिक अवघड जातात. घट्ट पेज किंवा मऊ, घोटलेली खिचडी अनेकांना सोपी पडते. किती घट्ट, हनुवटी खाली घेऊन गिळायचे का, व्यायाम कोणते, हे तज्ज्ञाने रुग्ण पाहूनच ठरवावे. दोन वेळा तोंड स्वच्छ केल्यानेही न्यूमोनियाचा धोका घटतो. गोळ्या मात्र विचारल्याशिवाय कुटू नका. नाकातून नळी घालावी लागली तर घाबरू नका. बहुतेकांना ती तात्पुरतीच लागते.

एक इशारा वेगळा. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणीही. सोबत वजन घटते. हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. विशेषतः तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांनी ‘पित्त असेल’ म्हणून महिने घालवू नयेत. दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्यावी.

आता आमच्या घरचे. झटक्याच्या प्रत्येक रुग्णाची गिळण्याची तपासणी पहिल्या घोटाआधी झाली पाहिजे. रुग्णाला बसवून, चमचा-चमचा पाणी देऊन प्रशिक्षित परिचारिका ती काही मिनिटांत करू शकते. त्याला महागडे यंत्र लागत नाही. लागते प्रशिक्षण आणि शिस्त. पुढच्या उपचारासाठी स्पीच थेरपिस्ट हवा. तो केवळ बोलायला शिकवतो हा समज चुकीचा आहे. गिळायला शिकवणे हेही त्याचेच काम. मोठ्या शहरांबाहेर हे तज्ज्ञ सहज मिळत नाहीत. जिल्हा रुग्णालयात हे पद असणे ही चैन नव्हे, गरज आहे. सीटी स्कॅनसाठी आपण धावपळ करतो. तेवढीच तत्परता त्या एका चमचाभर पाण्याबाबतही हवी.