भाड्यातील घराचा वाटा



निवृत्तीच्या रकमेतून पुण्यात दुसरी सदनिका घ्यावी आणि तिच्या भाड्यावर घरखर्च भागवावा, असा विचार सांगली-कोल्हापूरकडील आपल्या अनेक कुटुंबांत होतो. विचार वावगा नाही; मात्र हिशेब बहुधा ‘भाडे गुणिले बारा’ येथेच थांबतो.

नमुन्यादाखल ५० लाखांची सदनिका व दरमहा १५,००० रुपये भाडे धरू. वर्षाचे १,८०,००० झाले, म्हणजे ३.६ टक्के. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहिले, तर १५,००० गेले. सोसायटीची वर्गणी आणि बिनभोगवटा शुल्क मिळून ३२,००० (हे शुल्क महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही, पावती अवश्य तपासावी). मालमत्ता कर ८,०००, दलाली व करारनोंदणी ९,०००. उरले १,१६,०००. अद्याप भिंतीला रंग लागलेला नाही, की नळाचा वॉशर बदललेला नाही.

दुरुस्तीचा खर्च भाड्यासारखा दरमहा येत नाही. तीन वर्षे काहीच घडत नाही आणि चौथ्या वर्षी गिझर, रंगकाम व स्नानगृहातून खालच्या मजल्यावर झिरपणारे पाणी ही सर्व एकदम दारात उभी राहतात. इमारत जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीनंतर सोसायटीची मोठी मागणीही येते. अशा वेळी मुदतठेव मोडावी लागते, तीही बहुधा औषधोपचारांसाठी राखलेली. म्हणून भाडे जमा होताच त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वतंत्र बचत खात्यात वळवावी. वीस वर्षांवरील इमारतीसाठी मी १५ टक्के सुचवीन. आपल्या नमुन्यात १० टक्क्यांचे १८,००० वजा होता हाती ९८,००० राहतात. हे उत्पन्न दोन टक्क्यांहूनही कमी आहे. घरखर्चाचा आराखडा याच आकड्यावर बेतावा.

प्राप्तिकरात भरलेला मालमत्ता कर वजा जाता उरलेल्या भाडेमूल्यावर ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च कितीही असो. त्यामुळे दुरुस्तीची तरतूद आपोआप झाली, असा समज होतो. वजावट कागदावर मिळते, प्लंबर रोख मागतो.

अनामत रकमेकडे तर दुरुस्ती निधी म्हणून पाहूच नये. ती भाडेकरूची ठेव आहे. नेहमीच्या वापराने फिकट झालेल्या रंगाचे पैसे तीतून कापून घेणे व्यवहारात सर्रास चालते. अचौर्य अणुव्रत पाळणाऱ्या श्रावकाने तरी त्याचा विचार करावा.

आणखी एक बाब आपल्याला विशेष लागू पडते. भिंतीत ओल मुरली की जीवोत्पत्ती होते, पुढे लाकडास वाळवी लागते आणि मग विषारी फवारणीशिवाय मार्ग नाही, असे कारागीर सांगतो. गळती वेळीच बंद केली तर ही हिंसा बव्हंशी टळते आणि खर्चही थोडक्यात आटोपतो. यासाठी गच्ची, खिडक्यांच्या कडा, सांडपाण्याचे नळ आणि स्नानगृहातील फरशांच्या सांध्यांची पाहणी पावसाळ्यापूर्वी स्वतः जाऊन करावी. दूरध्वनीवरून भाडेकरूने ‘सर्व ठीक आहे’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये. ज्येष्ठात जलरोधक कामाचे कारागीर सहसा हाती लागत नाहीत. त्यांना चैत्रातच सांगून ठेवावे.