सजविलेल्या केकचे रास्त मोल

ज्या बारामती-इंदापूर पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस फोफावला, माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन उसाचा दर ठरविताना उत्पादनखर्चाबरोबरच शेतकऱ्याची जोखीम व वाजवी नफाही हिशेबात घेणे बंधनकारक झाले, त्याच पट्ट्यात घरी केक सजविणाऱ्या स्त्रीचे श्रम मात्र आपण केवळ वजनकाट्यावर जोखावेत, हे मला सर्वथा अन्यायाचे वाटते.

मैदा, लोणी, साखर यांचा हिशेब सोपा. परंतु साखरेच्या पाकळ्या एकेक लाटून वाळविणे, केक पुरता निवल्यावाचून क्रीमला हात न लावणे, यांत दिवस मोडतो. वीज, खोका आणि पोहोचविण्याचा खर्च निराळाच. म्हणून करणारणीने तासांची नोंद ठेवावी, कुशल कारागिराच्या दराने आपला मेहनताना साहित्याच्या खर्चात मिळवावा, त्यावर माफक नफा धरावा आणि मगच, निःसंकोचपणे, किंमत सांगावी. ती ज्यास परवडत नसेल त्याने फुले कमी करून घ्यावीत. मजुरी कमी करण्याचा आग्रह धरू नये.