खड्यांत गेले मासे

मध्यमवर्गीय माणूस घरात फिशटँक आणतो तेव्हा त्याच्या डोक्यात मासा सोडून बाकी सगळं असतं. पेटी कुठल्या कोपऱ्यात शोभेल, पडद्यांच्या रंगाला जाईल का, ईशान्येलाच ठेवायची तर टीव्ही कुठे सरकवायचा, आतला दिवा पाहुणे बसल्यावर लावायचा की बेल वाजल्याबरोबर, या विषयांवर घरात तीन-तीन बैठका होतात. मासा काय, शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतोच. मग दुकानदार विचारतो, "साहेब, खाली काय टाकू? निळे खडे की लाल?"

या प्रश्नात लबाडी आहे. खडे हवेत का, हे तो विचारतच नाही. मुलगी पसंत आहे की नाही हे न विचारता एकदम 'जेवणात जिलबी ठेवायची की श्रीखंड' असं विचारण्यापैकी हा प्रकार! आपणही निळे म्हणतो आणि मासा जन्मभर निळ्या खडीवर राहतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना बाह्या सरसावायला वेळ मिळेल. घरातल्या गोड्या पाण्याच्या टाकीतले खडे काढावेत आणि तिथे बारीक वाळू घालावी. मीरा रोड आणि भाईंदरच्या ज्या ज्या दिवाणखान्यांत मी हे मत मांडलं तिथे तिथे चहा लवकर संपवण्यात आला. तरी ते मी पुन्हा मांडतो.

खडेवाल्यांचा पहिला मुद्दा परंपरेचा. "अहो, आम्ही वर्षानुवर्षं खडेच घालतोय!" खरं आहे. पण का घालत होतो? एके काळी पाणी गाळायची स्वस्त आणि मस्त युक्ती म्हणजे टाकीच्या तळाशी भोकांची प्लॅस्टिकची जाळी. कोपऱ्यात उभी नळी, नळीत हवेचे बुडबुडे. बुडबुडे वर जाताना पाणी वर ओढत, त्यामुळे टाकीतलं पाणी खड्यांच्या फटींतून खाली झिरपे आणि घाण खड्यांत अडके. या युक्तीला खडे हवेतच. वाळू घातली तर जाळीची भोकंच बुजणार. तेव्हा खडे हे सौंदर्य नव्हतं, यंत्राचा भाग होता.

आता बहुतेक घरांतून ती जाळी गेली. स्पंजचा फिल्टर आला, काचेला चिकटणारा मोटरचा फिल्टर आला. जाळी गेली आणि खडे राहिले. श्राद्धाच्या स्वयंपाकात तोंड घालू नये म्हणून आजोबांनी मांजर टोपलीखाली झाकलं. पुढे नातवाकडे मांजर नव्हतं, तर श्राद्धाच्या दिवशी तो शेजाऱ्यांकडून मांजर मागून आणून झाकू लागला. आपल्या टाकीतले खडे म्हणजे ते मागून आणलेलं मांजर आहे. (ज्यांच्याकडे अजून जाळी आहे त्यांनी ती आधी काढावी. जाळीवर वाळू ओतून उद्या मला शिव्या देऊ नयेत.)

दुसरा मुद्दा स्वच्छतेचा. "खडे कसे स्वच्छ दिसतात!" दिसतात, यात शंका नाही. केर सतरंजीखाली सारला की खोलीही स्वच्छ दिसते. माशाने न खाल्लेलं खाणं आणि खाऊन टाकलेलं खाणं, दोन्ही खड्यांच्या फटींत उतरतं आणि तिथे कुजत बसतं. कुजण्यातून अमोनिया होतो आणि अमोनिया हे माशाला विष आहे. वाळूत फटीच नाहीत. घाण वरच पडून राहते, उघडी, निर्लज्जपणे. दिसते म्हणून आपण काढतो. नळी वाळूच्या जरा वर धरली की घाण तेवढी ओढली जाते. ज्यांना घाण दिसू नये असं वाटतं ते खडे घालतात आणि ज्यांना घाण नको असते ते वाळू घालतात, असा हा सरळ हिशेब आहे.

तिसरा मुद्दा मात्र ऐकण्यासारखा आहे. "वाळूत गॅस होतो." होतो. जाड थर दिला, तो वर्षभर कोणी ढवळला नाही, तर खाली हवा पोचत नाही आणि कुजकट वायू साठतो. पण उपाय साधा आहे. थर दीड इंचाचा ठेवा, पाणी बदलताना बोटं फिरवा. आपल्याकडच्या डबक्यांत सापडणाऱ्या निमुळत्या शंखाच्या गोगलगाई दोन-चार सोडल्या तर त्या दिवसभर वाळूत शिरून फुकट नांगरणी करतात. चाळिशीनंतर आपल्यालाही गॅस होतो. म्हणून कोणी आपल्याला निळ्या खडीवर नेऊन ठेवत नाही.

हे सगळे मुद्दे माणसांचे झाले. आता ज्याला तिथे राहायचंय त्याचं बघा. टाकीच्या तळाशी राहणारा कोरी नावाचा मिशाळ मासा दुकानात एकाच गुणावर विकला जातो. "ये लेके जाओ साब, सफाई करेगा!" म्हणजे आणलं झाडूवाला म्हणून. या बिचाऱ्याची खाण्याची रीत अशी की तोंड वाळूत खुपसायचं, वाळू तोंडात घ्यायची, खाण्यासारखं तेवढं ठेवायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडायची. आता तुमचे मटाराएवढे निळे खडे तो कुठल्या कल्ल्यातून सोडणार? टोकदार खडे आणि त्यांच्यातली कुजकी घाण यांच्यात त्याच्या नाजूक मिशा झिजतात, आणि मिशा म्हणजे त्याचे हात-बोटं सगळं काही. गोल्डफिशही तोंडभर वाळू घेऊन चाळतो आणि थुंकतो, आपली आजी सुपात तांदूळ निवडायची तसा. खडा मात्र त्याच्या तोंडात अडकू शकतो. आपल्या ओढ्यांतली मुरी घ्या. संकट आलं की ती वाळूत शिरते आणि डोळे तेवढे बाहेर ठेवते. खड्यांवर तिने लपायचं कुठे? शोकेसमागे?

इथे भाईंदरकर एक हुकमी पत्ता टाकतो: पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत दीड इंच थर द्यायचा तर ११-१२ किलो वाळू लागते, आणि ती धुवावी लागते. बादलीत घ्या, ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा घ्या. दहा-बारा वेळा तरी. ज्या गावात नळाची वेळ पाहून आंघोळीचे मुहूर्त काढतात तिथे हे जाहीर करणं धाडसाचंच. आमच्या सेक्रेटरींनी विचारलं, "काका, एवढं काय धुताय?" मी म्हटलं, "वाळू." ते काही बोलले नाहीत, पण त्या महिन्याच्या सभेत 'पाण्याचा अपव्यय' हा विषय पहिला आला. माझं उत्तर असं की हे धुणं एकदाच करायचं असतं, खड्यांच्या फटी उपसताना मात्र दर वेळी बादल्यांनी पाणी ओढावं लागतं. शिवाय वाळू धुतलेलं पाणी संडासाला चालतं, कुंड्यांना चालतं. फक्त वाळू मोरीत जाऊ देऊ नका. मोरी तुंबली की खालच्या मजल्याशी तीन पिढ्यांचं वैर.

आता एक शहाणा हमखास निघतो. "एवढंच ना? खाडी दाराशी आहे, आणतो पिशवीभर!" याच्याशी माझं भांडण खडेवाल्यांपेक्षा मोठं आहे. शहाडजवळ उल्हास नदीतून उचललेलं पाणी आमच्या नळाला येतं. तीच नदी पुढे ठाण्याच्या अंगाला दुभंगते आणि तिचा एक फाटा वसईच्या खाडीतून, आमच्या दारावरून, समुद्राला मिळतो. नळातही उल्हास, खाडीतही उल्हास. फक्त सोसायटीच्या सभेत तेवढा नसतो. पण आमच्यापर्यंत पोचेस्तोवर ती नदी खारट झालेली असते आणि वाटेतल्या गावांचं सांडपाणीही तिच्यात आलेलं असतं. तिच्या वाळूत मीठ, तिच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा. उत्तनच्या किनाऱ्याचीही तीच गत. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे आणि तो टाकीचं पाणी जड करत राहणार.

पण खरं कारण लिंबाच्या पलीकडचं आहे. पूर्वी या खाडीतली रेती डुबी मारून काढत. माणूस पाण्याखाली जाई आणि बादली भरून वर येई. नंतर सक्शन पंप आले आणि खाडीचा तळच वर येऊ लागला. भाईंदर आणि नायगावमधल्या रेल्वेपुलांजवळच्या उपशाबद्दल रेल्वेला तक्रारी कराव्या लागल्या, कारण पुलाचे खांब शेवटी त्याच तळावर उभे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांहून लहान जागेतल्या उपशालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली जाहीर केलं की जग दरवर्षी ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरतं. माझी टाकी दोन चौरस फुटांची, तेव्हा मी पाच हेक्टरांच्या बराच आत आहे. तरीही एका माशाला घर द्यायचं म्हणून हजार माशांच्या घराचा तळ खरवडून आणायचा, हे मला पटत नाही. तेवढं आपल्या इमारतींनी केलंच आहे.

मग वाळू आणायची कुठून? बांधकामाची क्रश सँड नको. ती दगड भरडून केलेली असते आणि तिचे कण धारदार. पाणी गाळण्याच्या टाक्यांत आणि पोहण्याच्या तलावांच्या फिल्टरात घालतात ती चाळलेली वाळू गोणीने मिळते. विकत घेताना तिचे कण बोटांत चोळून बघा. टोचले नाहीत तर तीच घ्या. आणि घाई करू नका. अमोनियाचं विष पचवणारे सूक्ष्म जंतू जुन्या खड्यांवरही वस्ती करून असतात. सगळे खडे एका रविवारी उचलले तर ती वस्ती एका दिवसात बेघर. आपण फ्लॅटचे हप्ते भरलेली माणसं आहोत, खडेही हप्त्याने काढावेत. दोन-तीन आठवड्यांत खडे संपवा, त्या काळात फिल्टरचा स्पंज धुऊ नका, आणि मग वाळू हलक्या हाताने तळाशी सोडा. पाणी निवळेपर्यंत मोटर बंद, हवेचे बुडबुडे चालू.

एक कबूल करायला हवं. वाळू दिसायला साधी. मातकट. ती पाहून कोणी 'अय्या!' म्हणत नाही. पण पाहुण्यांसाठी आपण घरात पुष्कळ काही वेगळं ठेवतोच: वेगळे कप, वेगळा टॉवेल, वेगळा आवाज. पाहुणे तासाभरात उठतात. मासा कुठे उठून जाणार? आपण भाईंदरला आलो ते परवडलं म्हणून असेल, पण निदान आपल्या पायांनी आलो. माशाला आणलेलं असतं. त्याच्या वाट्याला आलेले दोन चौरस फूट हा सगळा अस्सल कार्पेट एरिया आहे, त्यात कुठल्या बिल्डरने जिना आणि गच्ची मिळवलेली नाही. तेवढी तरी जमीन त्याच्या सोयीची असावी.

निळ्या खड्यांचा प्रश्न उरतो. ते मनीप्लांटच्या बाटलीत घालावेत. मनीप्लांटला मिशा नसतात.