जिना उतरतांना

वार्धक्यांत जिना चढणें कष्टाचें खरें. परंतु धोका अधिक आहे तो उतरण्यांत. चढतांना दम लागतो, गुडघे कुरकुरतात आणि मनुष्य आपोआप सावध होतो. उतरतांना श्रम नाहींत, या समजुतीनें तो निष्काळजी राहतो. वस्तुतः एक पाय अधांतरीं असतां दुसऱ्या मांडीच्या स्नायूंनीं सर्व देहाचा भार हळूहळू खालीं सोडावयाचा असतो. ते स्नायू दुबळे झाले कीं पाऊल टेकत नाहीं, आदळतें. पुष्कळांचा घात होतो तो शेवटच्या पायरीवर. जमीन आली असें समजून पाय पुढें पडतो, आणि पायरी अजून एक उरलेली असते.

देहाचा तोल तिघांच्या साक्षीवर चालतो: डोळे, अंतःकर्ण, आणि तळपाय व सांधे यांची जाणीव. वयोमानानें तिन्ही साक्षीदार मंदावतात. एक अडखळला तर उरलेले दोघे सांभाळून घेतात. पण पाय बधिर झालेला मनुष्य अंधाऱ्या जिन्यावर उभा राहिला, म्हणजे दोन साक्षीदार एकदमच गेले. शाकाहारी घरांनीं या पायांची विशेष चौकशी करावी. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव अशा घरांत पुष्कळ आढळते, आणि तिनें, तसेंच मधुमेहानें, तळव्यांस पायरीची कड कळेनाशी होते. चष्म्याचेंही तसेंच. दुहेरी भिंगाचा खालचा भाग वाचनासाठीं असतो. त्यांतून पायरी धूसर दिसते. जिन्यासाठीं दूरचा साधा चष्मा वेगळा ठेवावा.

आमच्या कुटुंबांतून मात्र एकच उपाय सुचतो: "आजोबा, आपण आतां वर येऊं नका, काय हवें तें आम्ही खालीं आणून देऊं." हेतु प्रेमाचा, पण परिणाम उलटा. वर देवघर असतें, पुस्तकांचीं कपाटें असतात, नातवंडांचा अभ्यास चाललेला असतो; तें सारें एका वाक्यानें तुटतें. शिवाय पायांस काम उरलें नाहीं कीं स्नायू आणखी झिजतात, भीति वाढते, आणि मग मनुष्य सपाट जमिनीवर, मोरीकडे जातां जातां पडतो. ज्यांस उठतांच घेरी येते, किंवा जे रक्तदाबाचीं वा झोपेचीं औषधें घेतात, त्यांनीं वैद्यांचा सल्ला घेईपर्यंत सोबतीवांचून उतरूं नये, हें मला मान्य आहे. एरवीं मनाई माणसास करण्यापूर्वीं जिना सुधारावा.

न्यूझीलंडांतील ओटागो विद्यापीठांत यासाठीं एक व्यायामक्रम तयार झाला. ऐंशी वर्षांच्या व त्यावरील स्त्रियांवर त्याचा प्रयोग होऊन त्याचे निष्कर्ष १९९७ सालीं प्रसिद्ध झाले; व्यायाम करणाऱ्या स्त्रिया पडण्याचें प्रमाण कमी झालें. त्यांत अद्भुत असें कांहीं नाहीं. ओट्यासारखा भक्कम आधार धरून टांचा उचलणें, गुडघे किंचित् वांकवून पुन्हा उभे राहणें, एका पायावर क्षणभर थांबणें, हळूहळू पायांस वजन बांधणें. आणि त्या क्रमांत जिना चढणें-उतरणेंही आहे!

जिना हा शब्द फारसी. संस्कृतांतील सोपान आम्हीं ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावापुरताच राखला. असो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें (२०१६) राहत्या घरांत पायरीची रुंदी निदान २५० मिलिमीटर व उंची फार तर १९० मिलिमीटर असावी. जुन्या वाड्यांतील, भिंतीच्या जाडींत काढलेले जिने या मापांत बसणें कठीण. तेथें उजेड आणि कठडा यांवरच भिस्त. दिव्याचें बटण वर व खालीं दोन्हीकडे हवें. पायऱ्यांवर रद्दी आणि पादत्राणें ठेवण्याची चाल बंद करावी. सोंवळ्यांत ओल्या पायांनीं वर जाण्याचीही. प्रत्येक पायरीच्या कडेस ठळक रंगाचा पट्टा ओढावा. कठडा दोन्ही बाजूंस असावा, मुठींत मावेल इतका जाड असावा, आणि शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेंपर्यंत न्यावा. म्हणजे जमीन आली कीं नाहीं हें पायाच्या आधीं हातास कळतें.