तिची सही कुठे आहे?

एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचं यंदाचं हमीपत्र या आठवड्यात माझ्याकडे आलं. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण हे हमीपत्र पाठवणाऱ्या मुलीला अजून वर्षभर तिथेच राहायचं आहे. ती २० वर्षांची आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री साडेआठच्या आत परत यायचं, गावी जायचं असेल तर वडिलांनी रेक्टरना फोन करायचा, पालकांनी लिहून दिलेल्या स्थानिक पालकाखेरीज कुणाला भेटायचं नाही, अशा अटी आहेत. खाली सहीसाठी एकच रेघ आहे, पालकांची. अटी जिने पाळायच्या तिच्या सहीला जागा ठेवलेली नाही. याच महाविद्यालयाने मतदार नोंदणीचं शिबिर भरवून या मुलीकडून नमुना ६ भरून घेतला होता. तेव्हा वडिलांची परवानगी कुणी मागितली नाही.

वसतिगृहाच्या वेळांवर मी मागे लिहिलं होतं तेव्हा वाचकांची पत्रं आली. 'जबाबदारी आमच्यावर येते, तुमचं काय जातं' असा बहुतेकांचा सूर होता. त्या वादात पुन्हा शिरत नाही. आज मला या हमीपत्राशेजारी दुसरा एक कागद ठेवायचा आहे. तोही पावसाळ्यातच लिहिला जातो.

शहरात वसतिगृहांचे प्रवेश चालू असतात त्याच दिवसांत आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डी या भागांत ऊसतोड मजूर जमवणारे मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटत फिरत असतात. ऊसतोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो ऊस तोडतो; ती मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत वाहते. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला उचलही अर्धी. घरातला पोरगा सोळा-सतराचा झाला की बापाला दिसू लागतं, की दिवाळीआधी याचं लग्न उरकलं तर घरातून एक कोयता जास्त निघेल. पलीकडच्या घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असते. आईबाप सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जाणार. मागे हिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? बरोबर न्यावी तर फडावरच्या कोपीला धड दार नसतं. दोन घरांच्या अडचणी एकाच मांडवात मिटतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास होतं.

उचलीचा करार अनेकदा स्टॅम्पपेपरवर होतो. सही नवऱ्याची, नवरा स्वतःच पोरसवदा असेल तर सासऱ्याची. निम्मं काम जिच्या अंगावर पडणार आहे तिला कुणी विचारत नाही. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि त्या बाकीसाठी पुढच्या वर्षी तिलाही जावंच लागतं. टनामागे मिळणारे पैसे मुकादम पुरुषाच्या हातावर ठेवतो. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या कामाची किंमत बायकांची शरीरं कशी चुकवतात याची राज्यभर चर्चा झाली. ज्या जिल्ह्यात इतक्या मुलींची लग्नं अठराच्या आत लागतात तिथे यातल्या किती जणी बालवयातच फडात उतरल्या असतील, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

आता हे दोन्ही कागद एकत्र वाचा. वीस वर्षांची मुलगी रात्री नऊ वाजता ग्रंथालयातून एकटी परत येण्याइतकी मोठी झाली आहे, हे आपल्याला पटत नाही. पंधरा वर्षांची मुलगी मात्र पहाटे उठून चूल पेटवण्याइतकी, दिवसभर मोळ्या वाहण्याइतकी, मूल पोटात वाढवण्याइतकी आणि सासऱ्याने घेतलेली उचल फेडण्याइतकी मोठी आहे, हे आपण कधी चर्चाही न करता मान्य करून टाकलं आहे. एकीला मोठं होऊ द्यायचं नाही, दुसरीला लहान राहू द्यायचं नाही, आणि सही दोन्हीकडे घरातल्या पुरुषाची. मुलीकडून कष्ट हवे असतील तर ती लवकर मोठी होते. तिला स्वतःचा निर्णय घ्यायचा असेल तर तिचं वय कधीच पुरेसं होत नाही. याचा मला मनापासून संताप येतो, आणि 'पालकांची काळजी' हे उत्तर त्यावर मी स्वीकारणार नाही. काळजी असती तर ती आधी फडावर दिसली असती.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी कायद्याने एक हक्क ठेवलेला आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार, बालपणी लावून दिलेलं लग्न तिला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयाकडून रद्द करून घेता येतं. म्हणजे स्वतःच्या नावाने अर्ज करायला अठरा ते वीस. विसावं वर्ष पूर्ण झालं की तो मार्ग बंद. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंना मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं होतं. त्यांच्याकडे नसलेला हक्क आजच्या मुलीकडे आहे. पण त्या दोन वर्षांत ती निम्मा काळ दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात असते, कडेवर एखादं मूल असतं, आणि तिच्यापाशी जाऊन 'तुझ्याकडे इतकेच महिने उरले आहेत' असं सांगणारं सरकारी माणूस मी तरी पाहिलेलं नाही. तिला मतदार यादीत घ्यायला मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) घरापर्यंत येतो. त्याच्याच पिशवीत या हक्काची माहिती देणारं एक पान का असू नये?

मेंदूचा मुद्दा हल्ली फार ऐकवला जातो. २०२२ मध्ये कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी रात्री साडेनऊच्या बंधनाविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा तिथल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने सांगितलं, की माणसाचा मेंदू पंचविसाव्या वर्षापर्यंत पुरता परिपक्व होत नाही. या मुली उद्या अपघात विभागात रात्रपाळी करणार आहेत. अग्निवीर म्हणून साडेसतराव्या वर्षी भरती होता येतं, तिथे कुणी मेंदूचा दाखला देत नाही. एकविसाव्या वर्षी गावचं सरपंच होता येतं. वसतिगृहातल्या त्याच वयाच्या सरपंचबाईंना गावी ग्रामसभेला जायला वडिलांचा फोन लागेल. पंचविशीचा मेंदू फक्त मुली, प्रेम आणि रात्र यांच्याबद्दल बोलताना आठवतो.

तरुणांना निर्णय घ्यायची सवय नसते, हे मीही मानतो. पण ती सवय लागायची जागा आपणच बुजवली, हे मी या सदरात अनेकदा लिहिलं आहे आणि पुन्हा लिहितो. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचं ठरवलं, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं आणि पुढे ढकललं गेलं. आज आमच्या वॉर्डावॉर्डांत नेत्याच्या पोराखेरीज उमेदवार सापडत नाही, त्याचं मूळ मला इथेच दिसतं. त्याला आकडेवारीचा आधार काय, असं विचाराल तर माझ्याकडे आजूबाजूला दिसणाऱ्या राजकारणाखेरीज पुरावा नाही, तरीही माझी खात्री आहे.

माझं म्हणणं असं, की अठराव्या वर्षी सगळं एकदम मिळावं. त्याआधी ओझं नको आणि त्यानंतर पहारा नको. यावर पुण्याची आठवण हमखास करून दिली जाते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्याला ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, आणि राज्यभर मागणी झाली की याला प्रौढ समजा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी तशी तरतूद आहे. बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांची ती विनंती फेटाळली. तो राग मी समजू शकतो, मलाही तो आला होता. पण त्याच्या हाती गाडी पडू देणारे, त्याला दारू देणारे, आणि नंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा ज्यांच्यावर आरोप झाला ते, हे सगळे पूर्ण वाढ झालेले लोक होते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ती नेमाने वापरली असती तर प्रौढत्वाचं वय खाली ओढण्याची भाषा करायची वेळ आली नसती.

दोन गोष्टी लगेच करता येतात. विद्यापीठांनी एक परिपत्रक काढावं, की अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचं कोणतंही हमीपत्र त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या सहीशिवाय ग्राह्य धरलं जाणार नाही. सुरक्षेसाठी नियम हवे असतील तर मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांना तेच लावा, आणि ते पाळणाऱ्यांशी बोलून ठरवा.

दुसरी गोष्ट साखर आयुक्तांच्या हातात आहे. कारखान्याला दर हंगामाला गाळप परवाना घ्यावा लागतो. त्या परवान्याला अट जोडावी, की प्रत्येक कोयत्यातल्या दोघांच्याही वयाचा पुरावा करारासोबत असेल, करारावर बाईची वेगळी सही असेल आणि निम्मे पैसे तिच्या खात्यात जातील. अठराच्या आतलं कुणी फडात सापडलं तर जबाबदारी मुकादमाबरोबर कारखान्याचीही. मुकादम कारखान्यासाठीच माणसं आणतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उचली आत्ता वाटल्या जात आहेत आणि परवान्यांचे अर्ज पावसाळा सरायच्या आत पुण्यात येतील. यंदाच्या हंगामाला ही अट लावायची असेल तर आयुक्तांकडे फार आठवडे उरलेले नाहीत.