देवळाचे दार आणि देवाचा डोंगर

१९२८ साली जमनालालजी बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले, तेव्हा उपासनेचे स्वातंत्र्य हा देवळाच्या उंबरठ्यावरचा प्रश्न होता; उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या याच जिल्ह्यात बसून आज विचार करता, तो प्रश्न आता अरण्यात जाऊन उभा राहिला आहे, असे आम्हांस वाटते.

विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. आणि त्याच डोंगरातले लोहखनिज काढण्यासाठी सरकारने खाणीचा पट्टा दिलेला आहे. ज्याचे देवत्व गाभाऱ्यात नसून डोंगरातच आहे, त्या देवाचा डोंगर खणला गेला, तर भक्ताला दिलेल्या धर्मस्वातंत्र्याच्या सनदेत उरते काय? खाणीसाठी झाडे तुटली की त्यांत साठलेला कर्ब हवेत जातो, आणि त्याचा ताप वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही भोगावा लागतो. श्रद्धेची हानी आणि हवामानाची हानी येथे एकाच कुऱ्हाडीने होते.

ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कोंध आदिवासींच्या उपासनेच्या हक्काचा विचार ग्रामसभांवर सोपविला, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीस नकार दिला. ‘अंधश्रद्धेपायी प्रगती अडते’ असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा. म्हणूनच यापुढे कोणत्याही खाणीच्या पट्ट्यावर सही होण्यापूर्वी ग्रामसभेला विचारले जावे, ही आमची सरकारदरबारी स्पष्ट मागणी आहे.